उभी असली की चालती

कारबोरेटर मी भाकरीच्या परातीत उघडला. आई चुलीपासून उठून बाहेर येईपर्यंत परातीत पेट्रोल ओतून झालं होतं आणि ते नारळाएवढं काळपट धूड त्यात बुडवून मी स्क्रू ढिले करत बसले होते.

“ह्या परातीत आता भाकरी व्हायची का?” ती म्हणाली.

“नवी आणते.”

“नवी आणशील. पर माझीच भांडी कावून लागतेत गं तुला अन् तुझ्या बापाला?”

तिचं खरंच होतं. भिंतींवर पोस्टरं चिकटवायची खळ तिने लग्न झाल्यापासून स्वतःच्याच पातेल्यांत शिजवली होती. ती आत गेली, चुलीतली लाकडं ओढून विझवली आणि परत येऊन उंबऱ्यावर बसली. “पेटशील, म्हणून बसले,” म्हणाली.

जीप दारातल्या लिंबाखाली बारा वर्षं उभी होती. मिलिटरीच्या लिलावातून कुणीतरी घेतलेली, आबांनी तिसऱ्या हाताने आणलेली, पेट्रोलवर चालणारी, माझ्यापेक्षा तीसेक वर्षांनी मोठी. आबा, म्हणजे माझे वडील, ऊसतोड कामगारांच्या संघटनेचं काम करत आले आहेत. जीपच्या सांगाड्यावर भोंगा बांधून ते गावोगाव फिरायचे. आता मीही त्याच कामात आहे. यंदा आम्ही पाच-सहा जणींनी ठरवलं की टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या आधी गावोगाव जाऊन तोडकरी बायकांची नोंदणी करायची. गाडी हवी होती. जीपला बॅटरी बसली, टायर बसले, पण इंजिन काही केल्या पेटेना.

परळीच्या एका गॅरेजवाल्याला फोटो दाखवला. तो हसला. “ताई, कारबोरेटर म्हणजे आता म्हाताऱ्यांची बोली झाली. मला समजती, बोलता येत न्हाई.” पण त्याने दोन गोष्टी नीट सांगितल्या. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवा. आणि भोकात तार घालू नका, भोक मोठं होतं. सायकलच्या पंपाने हवा मारा.

मी ऐकून घेतलं. एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही. ही जीप आपोआप बिघडली नव्हती, ती मुद्दाम थांबवली गेली होती. निदान मी तसं छापलं होतं.

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. आमच्या घरी कपाटात, कॉटखाली, धान्याच्या कोठीवर गुलाबी कागदाचे गठ्ठे असत. संघटनेची पत्रकं कायम गुलाबी कागदावर निघत, कारण छापखान्यात तोच सगळ्यांत स्वस्त. एका बाजूला मजकूर, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. वह्यांना कव्हरं त्यांचीच, डब्यातल्या चटणीची पुडी त्यांचीच, चूल पेटवायलाही तीच. तेल, रॉकेल, काहीही बाटलीत ओतायचं झालं की पत्रक गुंडाळायचं, टोक चिमटीने तोडायचं, की नरसाळं तयार. खरं नरसाळं आमच्या घरात कधी नव्हतंच. लागलंच नाही.

अशा घरात वाढलेल्या मुलीला एक सवय लागते. प्रत्येक घटनेच्या वर एक प्रश्न आणि खाली एक दोषी छापलेला दिसतो. या सवयीची मला सरसकट लाज वाटत नाही. बाळंतपणाला आठ दिवस होत नाहीत तोच बाईला उसाच्या फडात उभं करणारी व्यवस्था दोषीच आहे आणि ते मोठ्या अक्षरांत छापलंच पाहिजे. पण सवय एकदा हाताला लागली की ती समोर व्यवस्था आहे की माणूस, हे बघत नाही.

जीपचे ड्रायव्हर शेजारच्या गावचे. सगळे त्यांना डायवर मामा म्हणत, मीही. शेरडं-मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस तरुणपणी ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि इंजिनं शिकून परत आला. आठ वर्षं त्यांनी आबांना फिरवलं. सभा चालू असली तरी ते सभेत बसत नसत, बॉनेट उघडून उभे राहत.

जीपमध्ये पेट्रोल गाळायला एक काचेचा कप होता, त्याला तडा गेला होता आणि तसा दुसरा कुठे मिळत नव्हता. मामांनी कप काढून टाकला, रबरी नळी सरळ जोडली आणि स्वतःला एक नियम घालून घेतला: टाकीत थेंब जाईल तो कापडातून जाईल. जुन्या धोतराचं चौघडी कापड सीटखाली पिशवीत गाठ मारून ठेवलेलं असे. पंपावरसुद्धा ते टाकीच्या तोंडावर कापड ताणून धरत. पंपावरची पोरं हसायची. “मामा, पेट्रोल हाय, ताक न्हाई.”

“गाळून घ्यायला काय जातंय,” मामा म्हणत.

ज्या दिवसाबद्दल मी छापलं, तो दसऱ्याच्या चार-पाच दिवस आधीचा. कोयता बंद होता, म्हणजे तोडणीचा दर वाढवून मिळेपर्यंत कुणी फडात जायचं नाही असं ठरलं होतं. सिरसाळ्याच्या पलीकडे, चढ ओलांडला की एक माळ आहे. तिथे सात-आठ गावांच्या टोळ्या जमल्या होत्या, आणि टोळ्या कारखान्याला पुरवणाऱ्या मुकादमांनी ट्रक आणून उभे केले होते. आबा बारापर्यंत पोचले तर लोक थांबतील, नाही पोचले तर ट्रकात बसतील, असा निरोप होता. मी अठरा वर्षांची. मांडीवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन जीपमध्ये मीही होते. वाटेत एका दुकानावर दोन बाटल्या पेट्रोल घेतलं, कारण पंपाकडे वळायला वेळ नव्हता.

सिरसाळा मागे टाकलं, चढ लागला, आणि जीपने आचके देऊन जीव सोडला. मामांनी स्टार्टर मारला. इंजिन लगेच चालू झालं आणि गुरगुरत राहिलं. गिअर टाकून निघाले, वीस हात गेली, पुन्हा बंद. असं आठ-दहा वेळा झालं. चढाच्या पायथ्याशी एक चहाचं हॉटेल आहे, तिथली माणसं बाकांवरून उठून बघायला आली.

“उभी असली की चालती, रेटलं की मरती,” मामा म्हणाले. “कचरा हाय. अर्धा तास द्या, खोलून बघतो.”

“अर्धा तास?” आबांबरोबरचा एक कार्यकर्ता म्हणाला. “बारा वाजायला वीस मिनिटं राह्यलीत बे. अन् चालू इंजिन खोलतो म्हणतोय.”

मामांच्या हातात पाना होता. कार्यकर्त्याने तो काढून घेतला. आबा पायी चढ चढू लागले, मग मागून आलेल्या एका मोटारसायकलवर बसले. ते पोचले तेव्हा माळावर चुलींची राख होती आणि ट्रकांच्या चाकोऱ्या.

संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, आदल्या दिवशी डायवर मुकादमाच्या दारात चहा पिताना दिसला होता. आम्हाला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा होता ‘जीप कुणी थांबवली?’ नाव घातलं नाही. नाव न घालण्यात सभ्यपणा आहे असं मला वाटलं होतं, पण पाच गावांत त्या जीपचा ड्रायव्हर एकच होता. मजकुरात एक वाक्य होतं: ‘उभी असताना चालते आणि निघाली की थांबते, ही कोणत्या यंत्राची तऱ्हा? ही तऱ्हा माणसाची आहे.’

“काय लिहिलंय पोरीनं,” असं लोक आबांना म्हणाले. कार्यकर्ते ते वाक्य भाषणांत वापरू लागले. त्यानंतर मी बरंच लिहिलं, पण लोकांना इतकं पाठ झालेलं माझं दुसरं वाक्य नाही. ते मी मामांच्याच तोंडून उचललं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

हजार प्रती पाच गावांत एका दुपारी संपल्या. पत्रक वाटायची आमच्याकडची रीत ठरलेली आहे. चालत्या गाडीतून मूठभर हवेत उडवायची, पोरं मागे पळतात, बायका पदर सावरून एखादं उचलतात, आणि धूळ बसेपर्यंत गाडी पुढच्या गावात असते.

मामांनी जीपची किल्ली आईच्या हातात आणून दिली आणि गेले. चढावर अडकलेली जीप बैलांनी ओढून आणली. त्यानंतर मामांच्या हातात कुणी गाडी दिली नाही. ते रस्त्याने चालले की पोरं तोंडाने इंजिनाचा आवाज काढत आणि मध्येच बंद करत. त्यांच्या मुलीच्या लग्नात वरातीची गाडी निघताना कुणीतरी म्हणालं होतं, “डायवरला लांब ठेवा, थांबंल.” लोक हसले. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण तो न्याय आहे असंही वाटलं. अठरा वर्षांच्या माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं.

आणि बारा वर्षांत जीपचं बॉनेट कुणी उघडलं नाही. बिघाड शोधायचा असतो तेव्हा माणूस उघडून बघतो. आम्हाला उत्तर मिळालेलं होतं.

परातीत झाकणाचा शेवटचा स्क्रू निघाला. झाकणाखालचा गॅस्केटचा कागद भुगा होऊन पडला. आत काकवीसारखा तपकिरी चिकट थर होता, बारा वर्षांपूर्वीचं पेट्रोल सुकून झालेला. त्या वाटीत एक पितळी तरंगता डबा, आणि तळाशी जेट. जेट म्हणजे पितळेचा लहानसा स्क्रू, त्याच्या मधून सुईएवढं भोक. गाडी जोर मागते तेव्हाचं पेट्रोल त्या भोकातून जातं. नुसतं उभ्या उभ्या चालायला थोडंच लागतं, तेवढं बाजूच्या बारीक वाटेने मिळतं. हे सगळं मी आदल्या दिवशी फोनवर व्हिडिओत बघितलं होतं. बघताना मनात काहीही आलं नव्हतं.

जेटच्या तोंडावर नखाएवढा पापुद्रा चिकटला होता. गंजाचा असेल म्हणून मी झाडूच्या काडीने उचलला. तो वाकला. गंज वाकत नाही. परातीच्या काठावर ठेवून नखाने त्याची घडी उलगडली. बाहेरून तपकिरी होता. आतून गुलाबी.

डोळ्यांआधी हाताला आठवलं. चिमटीने टोक तोडणं.

त्या सकाळी दुकानापुढे मामा सीटखालची पिशवी काढून गाठ सोडत होते आणि गाठ सुटत नव्हती. आबा म्हणाले, “चला की.” मी मांडीवरच्या गठ्ठ्यातलं एक पत्रक ओढलं, गुंडाळलं, टोक तोडलं आणि टाकीच्या तोंडात खोचलं. मामा म्हणाले, “बाई, थांब की जरा.” मी म्हणाले, “राहू द्या मामा. पेट्रोल हाय, ताक न्हाई.” आणि बाटली उपडी केली. दुसऱ्या बाटलीपर्यंत कागद भिजून लोळागोळा झाला होता. मी तो ओढून काढला आणि रस्त्यावर टाकला. टोक सगळं बाहेर आलं की नाही, ते बघितलं नाही.

पेट्रोलची ओढ वाढली की तुकडा भोकावर बसणार. ओढ कमी झाली की सुटून तरंगणार. उभी असली की चालती, रेटलं की मरती. यंत्र ओळखणाऱ्या माणसाने केलेलं ते अचूक निदान होतं. आम्ही ते निदान घेतलं आणि त्याच्याच गळ्यात अडकवलं.

“काय सापडलं?” आईने उंबऱ्यावरून विचारलं.

“कागद.”

ती उठून आली. वाकून बघितलं. “पत्रकाचा?”

“हं.”

तिने तुकडा बोटाने उलटा करून बघितला. मग म्हणाली, “मी तवाच म्हणलं होतं, आधी उघडून बघा. पर माझं म्हणणं तुमी कुटं छापत होते.”

आबा दुपारी शेतातून आले. मी तुकडा दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि परत दिला.

“टाकून दे,” म्हणाले.

“आबा?”

“नोंदणी तोंडावर आलीय. आपणच खोटं छापलं होतं असं आपणच सांगितलं, तर उद्या लोक प्रत्येक पत्रकाला विचारतील, हे तरी खरं का.”

“विचारू द्या की. विचारायलाच पाहिजे.”

“तुला सोपं वाटतं.”

“मला सोपं वाटत नाही. मला माझी लाज वाटतेय.”

त्यांनी पाय धुतले, बाजेवर बसले. आई पाण्याचा तांब्या ठेवून तिथेच उभी राहिली. आबा तांब्याकडे बघत बोलले. “त्या दिवशी मी वेळेत पोचलो असतो तरी ट्रक गेले असते. लोकांचं सामान आदल्या दिवशीच बांधून झालं होतं. मला कळलं होतं ते.”

“मग पत्रक छापायला का दिलंत?”

“तू लिहून आणलंस. मी वाचलं,” ते म्हणाले, “अन् मला बरं वाटलं.”

मी आबांवर इतकी कधी चिडले नव्हते. आणि ते माझ्याशी इतकं खरंही कधी बोलले नव्हते. या दोन गोष्टींचं काय करायचं ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा काडेपेटीत घालून मी मामांच्या वस्तीवर गेले. ते बाभळीखाली शेरडांना शेंगा झाडून देत होते. केस सगळे पांढरे झाले होते. मला बघून काठी खाली ठेवली, पण “ये” म्हणाले नाहीत. मी काडेपेटी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उघडली, तुकडा बोटावर घेऊन नाकाशी नेला.

“जेटवर व्हता?”

“हो.”

“वरच्या अंगाला का खालच्या?”

“वरच्या.”

“हं.” त्यांनी तुकडा परत काडेपेटीत ठेवला. “नरसाळ्याचं टोक. चढावर तेच वाटलं हुतं मला.”

“मग बोलला का नाहीत, मामा?”

“बोललो की. कचरा हाय म्हणलं.”

“माझं नाव का नाही घेतलं?”

“पोर व्हतीस. बापाम्होरं तुझं नाव घिऊ? अन् घितलं असतं तर कोण ऐकत हुतं?” त्यांचा आवाज चढला नाही. “कागद तुमच्याकडं, छापखाना तुमच्याकडं. माझ्याकडं निस्ता पाना, त्यो बी काढून घितला.”

मुकादमाच्या चहाबद्दल मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. “त्याचं ट्रॅक्टर चालू होईना म्हणून गेलतो. इंजिन कुणाचं हाय ते मी बघत नसतो.”

मी म्हणाले, “मी पत्रक काढते. माझ्या नावानं. चूक माझी होती असं.”

ते काठीने जमिनीवर रेघ ओढत राहिले. एक शेरडू पुढच्या पायांनी त्यांच्या खांद्यावर चढू बघत होतं, त्याला बाजूला सारलं.

“तवा किती छापली व्हती?”

“हजार.”

“मग हजारच काढ. अन् उडवायची न्हाईत. खाली उतरून एकेकाच्या हातात द्यायची. ज्याला वाचाया येत न्हाई त्याला तू वाचून दाखवायचं. तुझ्या तोंडानं.”

“हो.”

“जीप मी चालवतो. त्या चढावरनं एकदा न्यायची हाय मला ती.” थोड्या वेळाने म्हणाले, “माफ केलं असं म्हणलेलो न्हाई मी. ध्यानात ठेव.”

ते त्याच दुपारी आमच्या घरी आले. बारा वर्षांनी. आईने चहा आणला तर “नंतर” म्हणाले, आणि तो चहा तसाच निवला. मी लग्नाच्या जाड पत्रिकेतून गॅस्केट कापून ठेवलं होतं. त्यांनी ते उजेडात धरलं, एका बाजूने कात्रीने केसभर कमी केलं. जेटमध्ये सायकलच्या पंपाने हवा मारली, डोळ्याशी धरून भोकातून आभाळ बघितलं, मलाही बघायला लावलं. सुईएवढं स्वच्छ आभाळ. तरंगत्या डब्याची पितळी जीभ नखाने वाकवून ठीक केली. माझ्याशी ते यंत्रापुरतंच बोलत होते. “पाना दे.” “धर.” “इतकं आवळू नको, धातू मऊ हाय.” आबा बाजेवरून बघत होते. एकदा उठून जवळ आले, मामांना काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मग नुसताच बॅटरीचा उजेड धरून उभे राहिले. मामांनी त्यांना दूर जायला सांगितलं नाही.

जीप तिसऱ्या दिवशी चालू झाली. टाकी धुतली, पेट्रोल भरलं, अर्थात कापडातून. या वेळी कापडाचे दोन कोपरे मी धरले होते.

पत्रक लिहायला मला चार दिवस लागले. पहिलं पत्रक मी एका बैठकीत लिहिलं होतं. दोषी दुसरा असला की वाक्यं आपोआप येतात. या वेळी प्रत्येक वाक्य कुठेतरी पळवाट ठेवत होतं. ‘त्या वेळच्या परिस्थितीत’ असं लिहिलं, खोडलं. ‘गैरसमजातून’ लिहिलं, खोडलं. शेवटी मथळा ठेवला ‘जीप मी थांबवली’ आणि खाली कागदाचं नरसाळं, दुकान, बाटली, चढ, जेट, जसं घडलं तसं. खाली माझं नाव. मजकूर छापखान्यात आबाच घेऊन गेले. छापून आलं तेव्हा माझ्या नावाखाली त्यांचंही होतं. त्यांनी मला विचारलं नव्हतं. मी गठ्ठे उचलून जीपमध्ये ठेवले.

पहिल्या दिवशी आम्ही सिरसाळ्याला गेलो. चढाच्या पायथ्याच्या हॉटेलपाशी मामांनी जीप थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. मी गठ्ठा घेऊन उतरले. बाकांवर दहा-बारा माणसं होती. एकेकाच्या हातात कागद दिला. दोघांनी पुढे केलेला हात मागे घेतला, “वाचाया येत न्हाई.” मी त्यांच्यापुढे उभी राहून वाचलं. भोंग्यावर हजार माणसांपुढे बोलायची मला सवय आहे. दोन माणसांपुढे, त्यांच्या डोळ्यांत बघत, ‘तो तुकडा मी तोडलेल्या कागदाचा होता’ हे वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं.

“बारा वर्सांनी कागद सापडला म्हनं,” एक जण म्हणाला. “इलेक्शन आलं वाटतं.”

“इलेक्शनसाठी कोन सोताच्या तोंडाला काळं फासतंय बे,” दुसरा म्हणाला.

हॉटेलवाला त्या दिवशीही इथेच होता. त्याने पत्रक दोनदा वाचलं, तेलकट बोटं पुसून पुन्हा एकदा वाचलं. मग गल्ल्यामागून बाहेर आला आणि जीपकडे बघून म्हणाला, “अय डायवर, चहा घे की.”

मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, “बंद केली अन् परत चालू झाली न्हाई, तर तुमी काय म्हणताल?”

कुणी हसलं नाही. हॉटेलवाल्याने मान खाली घातली. “तू ये तर खरं.”

मामांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. ते उतरले, बाकावर बसले. माणसांनी सरकून जागा केली. त्यांनी चहा घेतला, सावकाश, बशीत ओतून. सगळे कधी त्यांच्याकडे आणि कधी जीपकडे बघत होते. मीही बघत होते. जेट स्वच्छ होता, मी स्वतः त्यातून आभाळ बघितलं होतं, तरी नजर जीपवरून हलेना.

बशी ठेवून ते उठले. माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघितलं. “लई राह्यलीत अजून,” म्हणाले. “तू चालत ये. वाटेत घरं हायेत.”

ते जीपमध्ये बसले, स्टार्टर दाबला. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. गिअर पडला, आणि त्यांनी पाय दाबला. जीप चढाला लागली. माणसं हॉटेलातून उठून रस्त्यावर आली, बारा वर्षांपूर्वी आली होती तशीच. पहिल्या वळणापर्यंत जीप दिसत होती, नंतर नुसता आवाज.

मी चढावरच्या पहिल्या घरापुढे थांबले. ओसरीवर एक म्हातारी शेंगा निवडत होती. तिच्या हातात कागद दिला. तिने तो उलटा धरला, सुलटा धरला आणि माझ्याकडे परत केला. “तूच वाच माय,” म्हणाली. मी वाचायला लागले. वरून इंजिनाचा आवाज येत होता, एकसारखा, कुठेही न अडखळता, आणि मथळा वाचून मी पहिल्या ओळीवर आले तेव्हा तो माथ्यापलीकडे गेला.